ढोलकी शेकण्याची रीत

सरपंच म्हणाले, गुरुजी, मंडईच्या आधी
गावाचा इतिहास लिहून द्या,
एका फळ्यावर मावेल एवढा.
पेंटर शुक्रवारी येतो आहे.

मी वही घेऊन निघालो.
पाथरघाटाला सनावळी ठाऊक नाही.
इथं वर्षं मोजतात महादेवाच्या भिंतीवर,
वैनगंगा जिथवर चढली तिथवर गेरूची रेघ :
नंदीच्या खुरांचं साल, नंदीच्या गळ्याचं साल,
आणि एक साल, ज्यात नंदी दिसलाच नाही.
खाली धरण झाल्यापासून
पाणी बाराही महिने एकाच पायरीवर उभं.
नवी रेघ मारायला कुणी गेलं नाही.

घाट कुणी बांधला?
कोहळी म्हणाले, आम्ही.
ढिवर म्हणाले, बांधला असेल,
पण दगड आमच्या डोंग्यांतून आले.
मी दोन्ही लिहून घेतलं.

उरली एक ओळ, मंडईच्या रातीची :
'दंडार उभी राहण्यापूर्वी घाटावर
तणस पेटवून ढोलकी शेकण्याची जुनी रीत.'
ढोलकी कोरडी ठणठणीत असली तरी शेकतात.
का?
इसन वलथरे म्हणाला, गंगामायचा मान.
पोलीस पाटील म्हणाले, पूर्वी दव फार पडे,
चामडं सैल व्हायचं.
मला पटलं. लिहिलंही.

फगनाबाई दिघोरे ओट्यावर जाळं सांधत होती,
ऐंशीच्या पुढची, दातांत दोरा.
तिला वाचून दाखवलं.
तिनं दोरा तोडला.

"ढोलकी सेकाची नोती, गुरुजी.
आयकवाची होती.

दंडार पल्याडून येत होती, दोन डोंग्यांत.
पयल्यात ढोलकी, पेटी, राजा, परधान.
दुसऱ्यात रानी, रानीचा टरंक,
अना वल्हं माराले माहा काका.
धुकं असं का सोताचा हात दिसे ना.
पयला लागला.
दुसऱ्याची लोकं वाट पायत रायले.
मंग कोनीतरी तणस पेटवली,
अना ढोलकीवाला आगीच्या अंगाले उभा रायून
वाजवत रायला, वाजवत रायला,
म्हंजे त्याइले समजावं, घाट कुठी हाये.
जार धुक्यात दिसे ना, पन कान तं असते मानसाले.
पहाटेले चामडं फाटलं."

मी विचारलं, आणि दंडार?

"झाली ना. चार गावच्या बंड्या आल्या होत्या,
लोकाइले काय सांगाव?
राजाचं राजानं म्हनलं,
रानीचं बी त्यानंच म्हनलं."

पुढचं भोक शोधत, माझ्याकडे न बघता :
"तिसऱ्या दिसी बाभरीले अटकून लुगडं भेटलं.
हिरवं, जरीचं.
रानी म्हंजे पल्याडचा झिपरू,
मिसी भादरून येत जाय.
मायनं लुगडं धुतलं, वारवलं, ठेवलं.
माह्या लग्नात मले तेच नेसवलं.
दुसरं होतं कुठी?"

काकांचं नाव काय, मी पेन काढून विचारलं.
ती बराच वेळ आठवत राहिली.
"काकाच म्हनो आमी."

शुक्रवारी पेंटर आला.
घाटाचे दगड कोहळ्यांनी की ढिवरांनी
यातच अर्धा फळा भरला.
'रीत' पर्यंत येऊन त्यानं विचारलं, पुढे काही?
मी म्हटलं, 'जुनी' शब्द खोड.
तो म्हणाला, ऑइल पेंट आहे, गुरुजी. खोडत नाही.

मंडईच्या रातीला चिवड्याची दुकानं, पाळणा,
माईकवर हरवलेल्या पोराचं नाव,
आणि घाटावर तणसाचा जाळ.
नव्यानं ढोलकी गळ्यात घातलेला पोरगा
गर्दीकडे तोंड करून, मोबाईलवाल्यांना हसत,
पहिली थाप टाकायच्या बेतात होता.
तेवढ्यात पोत्यावर बसलेली फगनाबाई खेकसली :
"इकडं कोनाले आयकवतं, बापा?
तिकडं कर."

पोरगा गोंधळला, मग वळला.
आम्हा सगळ्यांना त्याची पाठ दिसली,
आणि घामानं चिकटलेला नवा सदरा.